निरिच्छतेची वाट : बडोदे ते पवनार

निरिच्छता हा शब्द उच्चारताच आपणां महाराष्ट्रीयांच्या मनश्चक्षूंपुढे देहू-आळंदी उभी राहते. आम्ही मात्र वाचकांना बडोद्यातील एका मराठी बिऱ्हाडात नेऊ इच्छितो. नोकरीनिमित्त गाव सोडून परप्रांतात स्थिरावलेले, मुलांच्या शिक्षणाकडे डोळे लावून बसलेले असे, अगदी आपल्यासारखेच, ते कुटुंब होते. तत्कालीन कुलाबा जिल्ह्यातील गागोदे हे त्यांचे मूळ गाव. कुटुंबप्रमुख नरहरपंत भावे यांचे ज्येष्ठ पुत्र विनायक, म्हणजेच पुढे विख्यात झालेले आचार्य विनोबा, यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी तेथेच झाला.

विनोबांच्या वैराग्याचा पहिला पाठ कोणत्याही मठात नव्हे, तर स्वयंपाकघरात झाला. गागोद्यास घरच्या झाडाचा फणस उतरला की मातोश्री रुक्मिणीबाई त्याचे गरे प्रथम शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे पाठवीत आणि मगच मुलांच्या हाती देत. देणारा तो देव आणि स्वतःपाशी राखणारा तो राक्षस, अशी त्यांची साधी शिकवण होती. पुढे त्यांनी देवाला तांदळाचे एक लाख दाणे वाहण्याचा संकल्प केला व रोज एकेक दाणा मोजून त्या वाहू लागल्या. एक तोळा तांदळाचे दाणे मोजावे आणि त्या हिशेबाने लाखाचे वजन करावे, असे नरहरपंतांनी सुचविले. हिशेब बिनचूक होता. परंतु एकेका दाण्याबरोबर होणारे नामस्मरण त्या हिशेबात कोठेच बसत नव्हते, हे चिरंजीवांनी ओळखले.

त्याच चुलीत विनोबांनी एके दिवशी आपली प्रशस्तिपत्रे जाळून टाकली. २५ मार्च १९१६ रोजी ते इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस जाण्यास निघाले. पण सुरतेस उतरून त्यांनी काशीची वाट धरली. मनात ओढी दोन होत्या : एक हिमालयाच्या शांतीची आणि दुसरी बंगालच्या क्रांतीची. वस्तुतः दोहोंपैकी एकीकडेही त्यांचे पाऊल वळले नाही. काशीस असताना गांधीजींच्या तेथील भाषणाचा वृत्तांत त्यांच्या वाचनात आला, पत्रव्यवहार झाला आणि ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादजवळच्या कोचरब आश्रमात दाखल झाले. हिमालयाची शांती आणि बंगालची क्रांती ही दोन्ही आपणांस गांधीजींपाशीच लाभली, असे ते पुढे सांगत.

येथे क्षणभर थांबावेसे वाटते. विषय दूर सारले तरी त्यांची गोडी मनात उरते, असा इशारा गीतेच्या दुसऱ्या अध्यायात आहे. घर सोडले म्हणजे इच्छा सुटली असे नव्हे. हिमालयाची ओढ हीही एक इच्छाच. विनोबांनी ती सोडली आणि सूतकताई, दळण, भंगीकाम यांत मन रमविले. याच अध्यायातील स्थितप्रज्ञाच्या लक्षणांवर त्यांनी १९४४ साली शिवनीच्या तुरुंगात व्याख्याने दिली. नद्यांचे पाणी येऊन मिळत असताही समुद्र जसा मर्यादा सोडीत नाही, तसे मन असावे, हे गीतेचे सांगणे बंदिवासातच उलगडले जावे, हा योग अर्थपूर्ण नव्हे काय? संस्कृत न येणाऱ्या आईला समजेल अशी मराठी गीता तर त्यापूर्वीच, १९३० ते १९३१ या काळात, ‘गीताई’च्या रूपाने सिद्ध झाली होती. ती पाहण्यास आई मात्र उरली नव्हती; १९१८ सालीच तिचे निधन झाले होते.

निरिच्छ मनुष्य जगाला निरुपयोगी होतो, हा आक्षेप जुना आहे. त्यास इतिहासानेच उत्तर दिले. पवनारच्या आश्रमात पैशाचा आश्रय सोडून श्रमावर जगण्याचा प्रयोग करणारे विनोबा १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्लीस पोहोचले. तेथील हरिजनांनी ८० एकर जमीन मागितली आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. मग तेरा वर्षे ही पदयात्रा देशभर चालली. स्वतःसाठी काहीच नको असलेल्या मनुष्यासच परक्याच्या दारी उभे राहून निःसंकोच मागता येते, हे भूदानाचे मर्म होय. मिळालेल्या जमिनीपैकी पुष्कळशी नापीक निघाली आणि मोठा भाग वाटलाच गेला नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. मागणाऱ्याची इच्छा गळाली होती. देणाऱ्यांपैकी सर्वांचीच काही गळाली नव्हती.

१५ नोव्हेंबर १९८२ रोजी पवनार येथे, अन्न व औषध यांचा त्याग करून, विनोबांनी देह ठेवला.

आपण सारे काही ना काही इच्छेनेच गाव सोडून येथे आलो. ती इच्छा हीन नव्हती. तिच्यावरच आपले संसार उभे राहिले. प्रशस्तिपत्रे जाळून काशीची वाट धरणे आपणांस साधणारे नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करू नये. परंतु रुक्मिणीबाईंनी संसार सोडला नव्हता. त्यांनी केवळ पहिला वाटा दुसऱ्याचा मानला. परप्रांतातील बिऱ्हाडात राहूनही एवढे आपणांस साधता येईल, आणि मनाच्या स्वस्थतेचा आरंभ तेथूनच होईल, अशी आमची श्रद्धा आहे.