ओहायो व्हॅली रेसलिंग

ओहायो व्हॅली रेसलिंग : अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केंटकी राज्यात ओहायो नदीकाठी वसलेल्या लूइव्हिल शहरातील व्यावसायिक कुस्तीची एक संस्था. माजी मल्ल डॅनी डेव्हिस हे तिचे संस्थापक. २००० ते २००८ या काळात ही संस्था वर्ल्ड रेसलिंग फेडरेशन (मे २००२ पासून वर्ल्ड रेसलिंग एंटरटेनमेंट) या बलाढ्य संस्थेची उमेदवारी संस्था होती. पालक संस्थेने करारबद्ध केलेल्या नवशिक्या मल्लांना येथे प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर तयार करण्यात येई व योग्य वेळी वरच्या रंगमंचावर धाडण्यात येई. व्यावसायिक कुस्तीची शिक्षणपद्धती कशी पालटत गेली हे तिच्या इतिहासावरून कळते. तसेच दुसऱ्यासाठी माणसे घडविणाऱ्या लहान संस्थेचे परावलंबित्वही त्यातून दिसून येते.

स्वरूप : व्यावसायिक कुस्ती ही आखाड्यातील किंवा ऑलिंपिक सामन्यांतील स्पर्धात्मक कुस्तीहून वेगळी आहे. तीत कुस्तीचा निकाल आधी ठरलेला असतो. मल्ल हा नायकाची वा खलनायकाची भूमिका वठवीत असतो. वर्ल्ड रेसलिंग फेडरेशनने १९८९ मध्ये न्यू जर्सी राज्याच्या विधिमंडळापुढे हा करमणुकीचा प्रकार असल्याचे मान्य केले. तथापि निकाल ठरलेला असला, तरी पडणे, आदळणे व त्यामुळे होणाऱ्या दुखापती खऱ्याच असतात. प्रतिस्पर्ध्याला इजा न करता डाव टाकणे, स्वतःला सांभाळून पडणे, प्रेक्षकांचा कल ओळखून कुस्तीची गती राखणे आणि त्यांच्याशी परिणामकारकपणे बोलणे ही या व्यवसायातील मुख्य कौशल्ये होत. यांतील पहिली दोन तालमीत शिकता येतात. उरलेली दोन मात्र प्रेक्षकांवाचून साधत नाहीत. उमेदवारी संस्थेची गरज येथेच उत्पन्न होते.

पार्श्वभूमी : १९४८ मध्ये स्थापन झालेल्या नॅशनल रेसलिंग अलायन्स या संघटनेच्या छत्राखाली अमेरिकेत व्यावसायिक कुस्तीचे प्रादेशिक विभाग पडले होते. मेम्फिस, जॉर्जिया, फ्लॉरिडा, कॅरोलायना इ. विभागांत तेथील चालक आठवडाभर गावोगावी खेळ लावीत आणि एकमेकांच्या हद्दीत सहसा शिरत नसत. नवा मल्ल काही महिने एका विभागात काढून दुसऱ्या विभागात जाई. निरनिराळ्या अनुभवी मल्लांशी रोज कुस्ती खेळून त्याचे शिक्षण आपोआप होई. व्हिन्स मॅकमहन यांनी १९८२ मध्ये वडिलांकडून फेडरेशन विकत घेतली आणि केबल दूरचित्रवाणीच्या बळावर ती देशभर पसरविली. त्यांच्या स्पर्धेमुळे प्रादेशिक विभाग एकामागून एक बंद पडले. त्यांच्याबरोबर नवे मल्ल घडविणारी शाळाही नाहीशी झाली. २००१ मध्ये वर्ल्ड चँपियनशिप रेसलिंग व एक्स्ट्रीम चँपियनशिप रेसलिंग या उरलेल्या दोन मोठ्या संस्थाही संपुष्टात आल्या. पूर्वी प्रतिस्पर्ध्यांकडून तयार मल्ल मिळविणाऱ्या फेडरेशनला आता ते स्वतःच तयार करणे भाग पडले.

उदय व कार्य : डेव्हिस यांनी १९९०–२००० या दशकात लूइव्हिल परिसरात मल्लांचे प्रशिक्षण व छोटे खेळ यांच्या जोरावर संस्थेचा जम बसविला. काही काळ ती नॅशनल रेसलिंग अलायन्सशी संलग्न होती. फेडरेशनशी संबंध जोडले गेल्यावर कुस्तीचे जाणते व्यवस्थापक जिम कॉर्नेट हे डेव्हिस यांचे भागीदार झाले. टेनेसी राज्यातील स्मोकी माउंटन रेसलिंग ही संस्था चालविण्याचा अनुभव (१९९१–९५) त्यांच्या पाठीशी होता. कथानके रचण्याचे काम त्यांनी पाहिले. रिप रॉजर्स यांच्यासारख्या जुन्या मल्लांनी शिक्षकाची बाजू सांभाळली. स्थानिक दूरचित्रवाणीवरील साप्ताहिक कार्यक्रम व आसपासच्या गावांतील खेळ असा संस्थेचा क्रम असे. जुन्या प्रादेशिक विभागाची एक छोटी प्रतिकृतीच अशा रीतीने लूइव्हिल येथे उभी राहिली. पालक संस्थेचे करारबद्ध मल्ल आणि स्वखर्चाने शिकणारे स्थानिक उमेदवार तेथे एकाच रिंगणात उतरत.

या पद्धतीचे फळ २००२ मध्ये दिसून आले. मिनेसोटा विद्यापीठाचा ब्रॉक लेस्नर हा २००० चा आंतरविद्यापीठीय हेवीवेट कुस्तीविजेता होता. त्याला व त्याच विद्यापीठाच्या शेल्टन बेंजामिनला येथे जोडीने उभे करण्यात आले. जॉन सीना ‘प्रोटोटाइप’ या नावाने, तर डेव्ह बटिस्टा ‘लेव्हायथन’ या नावाने खेळत. आजोबा व वडील दोघेही मल्ल असलेला रँडी ऑर्टन हाही त्यांच्याच बरोबरीचा. २००२ च्या मार्च ते जून या चार महिन्यांत लेस्नर, ऑर्टन, बटिस्टा व सीना हे चौघेही पालक संस्थेच्या मुख्य कार्यक्रमांत दाखल झाले. लेस्नरने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये संस्थेचे सर्वोच्च अजिंक्यपद मिळविले. ऑर्टन २००४ मध्ये, तर बटिस्टा व सीना २००५ मध्ये जागतिक विजेते ठरविण्यात आले. सीनाने पुढे असे अजिंक्यपद सतरा वेळा धारण करून विक्रम केला.

अजिंक्यपदे : हेवीवेट अजिंक्यपद (१९९७) हे संस्थेचे प्रमुख पद होय. याशिवाय जोडीच्या कुस्तीसाठी दक्षिणी जोडी अजिंक्यपद, काही काळ चाललेले हार्डकोअर अजिंक्यपद, दूरचित्रवाणी अजिंक्यपद (२००५) व महिला अजिंक्यपद (२००६) ही पदे निर्माण करण्यात आली. ‘दक्षिणी’ या नावात अमेरिकेच्या दक्षिणेकडील, विशेषतः मेम्फिस विभागातील, जोडीच्या कुस्तीची परंपरा सूचित होते.

निकाल ठरलेले असल्याने या पदांचा अर्थ स्पर्धेतील विजयाहून निराळा आहे. विजेत्याला कार्यक्रमातील अखेरची व सर्वांत लांब कुस्ती खेळावी लागते, प्रेक्षकांशी बोलावे लागते आणि वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांकडून चांगला खेळ करून घ्यावा लागतो. पट्टा कमरेला बांधणे म्हणजे ही जबाबदारी सोपवून उमेदवाराची पारख करणे होय. लेस्नर व बेंजामिन या जोडीने जोडीचे अजिंक्यपद तीनदा मिळविले. ऑर्टनने हार्डकोअर अजिंक्यपद दोनदा धारण केले. सी. एम. पंक या मल्लाने २००५–०६ मध्ये दूरचित्रवाणी, हेवीवेट व जोडी ही तिन्ही पदे भूषविली. मात्र येथील विजेता फार काळ टिकत नसे. हेवीवेट अजिंक्यपद फेब्रुवारी २००२ मध्ये बटिस्टाकडून सीनाकडे आले. मे महिन्यात ते सीनाच्याही हातून गेले आणि जूनमध्ये तो पालक संस्थेच्या कार्यक्रमात दिसू लागला. संस्थेने ज्याच्याभोवती कथानक रचावे व ज्याच्यामुळे तिकिटे खपावी, तोच यशस्वी ठरताच निघून जाई. अशा रीतीने संस्थेचे शैक्षणिक यश हेच तिचे व्यावसायिक नुकसान ठरे.

संबंधविच्छेद : कॉर्नेट २००५ मध्ये संस्थेतून बाहेर पडले व कथानकांची सूत्रे पॉल हेमन यांच्याकडे गेली. त्याच वर्षी पालक संस्थेने जॉर्जिया राज्यातील डीप साउथ रेसलिंग या संस्थेला दुसरी उमेदवारी संस्था म्हणून हाताशी धरले. पण एप्रिल २००७ मध्ये तिच्याशी असलेले संबंध तोडले. पाठोपाठ फ्लॉरिडातील टँपा येथे फ्लॉरिडा चँपियनशिप रेसलिंग ही संस्था उभी राहिली. फेब्रुवारी २००८ मध्ये लूइव्हिल येथील संबंधही संपुष्टात आला आणि करारबद्ध मल्ल फ्लॉरिडात हलविण्यात आले. ऑगस्ट २०१२ मध्ये फ्लॉरिडातील संस्था बंद झाली. तिची अजिंक्यपदेही तिच्याबरोबर इतिहासजमा झाली. तिची जागा पालक संस्थेच्याच ‘एनएक्सटी’ या शाखेने घेतली आणि जुलै २०१३ मध्ये ऑर्लँडो येथे मोठे प्रशिक्षण केंद्र उघडण्यात आले. शिक्षण बाहेरच्या संस्थेवर सोपविण्याऐवजी ते आपल्याच छपराखाली देण्याचे धोरण यामुळे स्थिरावले.

भारताशी असलेला संबंध या नंतरच्या टप्प्यातील आहे. भारतीय वंशाचा कॅनेडियन मल्ल जिंदर महाल फ्लॉरिडा येथील संस्थेत तयार झाला. जुलै २०१२ मध्ये एनएक्सटीचा पहिला विजेता ठरविणाऱ्या अंतिम कुस्तीत त्याला सेथ रॉलिन्सकडून हार पतकरावी लागली. मे २०१७ मध्ये मात्र लूइव्हिल येथे घडलेल्या ऑर्टनला हरवून त्याने पालक संस्थेचे अजिंक्यपद मिळविले. हरयाणाच्या कविता देवी २०१७ मध्ये ऑर्लँडो केंद्रासाठी करारबद्ध झाल्या.

उत्तरकाल व महत्त्व : आश्रय गेल्यावर डीप साउथ व फ्लॉरिडा येथील संस्था लोप पावल्या, ओहायो व्हॅली रेसलिंग मात्र टिकून राहिली. स्वतःची मालकी, स्वतःचे क्रीडागृह, शुल्क देऊन शिकणारे विद्यार्थी व स्थानिक प्रेक्षक ही तिच्या चिवटपणाची कारणे होत. २०११ ते २०१३ या काळात तिने टोटल नॉनस्टॉप ॲक्शन रेसलिंग या संस्थेची उमेदवारी संस्था म्हणून काम केले. २०१८ मध्ये माजी मल्ल व शिक्षक अल स्नो यांनी ती डेव्हिस यांच्याकडून विकत घेतली. २०२१ मध्ये तिचे बहुसंख्य भाग नव्या भागीदारांकडे गेले. तिची आर्थिक ओढाताण व तेथील मल्लांचे कष्टप्रद जीवन यांवर आधारित रेसलर्स ही माहितीपटमालिका २०२३ मध्ये प्रसिद्ध झाली व संस्थेचे नाव पुन्हा सर्वदूर पोहोचले.

या संस्थेच्या इतिहासात साहजिकच येथून गेलेल्या नामवंतांचाच उल्लेख अधिक होतो. तथापि ज्यांना वरचे बोलावणे कधीच आले नाही, अशा स्थानिक मल्लांचा वाटाही लहान नाही. नवागतांना सांभाळून खेळविणारे, त्यांच्याकडून ठरल्याप्रमाणे हार पतकरणारे आणि ते गेल्यावर पट्टा व प्रेक्षक दोन्ही राखणारे तेच होते. त्यांच्या अनुभवावाचून लूइव्हिल येथील शिक्षण शक्य झाले नसते.