होप शिष्यवृत्ती ते कामा रुग्णालय

एडिंबरा विद्यापीठातील रसायनशास्त्राच्या वर्गाचा १८७० मधील निकाल स्त्रियांच्या वैद्यकशिक्षणाच्या इतिहासात नोंद घ्यावी असा आहे. तो अभ्यासक्रम प्रथमच पूर्ण करणाऱ्यांत एडिथ पीची या तरुणीचे गुण सर्वाधिक होते. त्यामुळे होप शिष्यवृत्तीचा पहिला मान तिचा होता, आणि या शिष्यवृत्तीबरोबर विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत विनामूल्य काम करण्याची मुभा मिळत असे. प्राध्यापक क्रम ब्राउन यांनी मात्र ती तिच्या खालच्या क्रमांकावरील विद्यार्थ्यांना दिली. कारण असे दिले गेले की, स्त्रिया वेगळ्या वर्गात शिकतात, म्हणून त्या मुख्य वर्गाच्या विद्यार्थिनी नव्हेत. विशेष म्हणजे डॉ. होप यांनी या शिष्यवृत्तीचा निधी पूर्वी स्त्रियांसाठी दिलेल्या व्याख्यानांच्या शुल्कातूनच उभा केला होता.

हा वेगळा वर्ग स्त्रियांच्या आवडीने सुरू झालेला नव्हता. सोफिया जेक्स-ब्लेक आणि त्यांच्या सहकारी स्त्रियांना १८६९ मध्ये प्रवेश देताना विद्यापीठानेच ती अट घातली होती. त्यांना शिकवावे की नाही, हेही प्रत्येक प्राध्यापकाच्या मर्जीवर सोडले होते. म्हणजे भिंत विद्यापीठाने बांधली आणि पुढे तीच भिंत दाखवून अपात्रतेचा निर्णय दिला. १८ नोव्हेंबर १८७० रोजी शरीररचनाशास्त्राच्या परीक्षेसाठी या स्त्रिया सर्जन्स हॉलवर गेल्या, तेव्हा शिवीगाळ करणाऱ्या आणि चिखल फेकणाऱ्या जमावाने त्यांची वाट अडवली. पुढे १८७३ मध्ये न्यायालयानेही विद्यापीठाचीच बाजू उचलून धरली. चार वर्षे शिकूनही पदवी मिळणार नाही, हे निश्चित झाले. पीचींनी अखेर १८७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बर्न येथे एम.डी. पदवी घेतली आणि त्याच वर्षी डब्लिनहून व्यवसायाचा परवाना मिळवला.

या कथेचा पुढचा अंक मुंबईत घडला. सोराबजी शापुरजी बंगाली आणि अमेरिकन व्यापारी जॉर्ज किट्रेज यांनी भारतीय स्त्रियांना स्त्री डॉक्टरांकडून उपचार मिळावेत म्हणून निधी उभारला. पेस्तनजी होरमसजी कामा यांच्या देणगीतून १८८६ मध्ये रुग्णालय सुरू झाले. या कार्यासाठी पीची १८८३ च्या अखेरीस मुंबईत आल्या होत्या. येथेही व्यवस्था वेगळीच होती. रुग्ण स्त्रिया आणि डॉक्टरही स्त्रिया. पण फरक मूलभूत होता. एडिंबऱ्यात वेगळ्या वर्गाच्या चाव्या दुसऱ्यांच्या हाती होत्या, कामा रुग्णालयात त्या स्त्रियांच्या हाती आल्या. पीचींनी तेथे परिचारिकांचे प्रशिक्षण सुरू केले आणि स्त्री डॉक्टरांना पुरुषांइतकेच वेतन मिळावे, असा आग्रह धरला.

मराठी वाचकांना परिचित असलेल्या रखमाबाईंच्या जीवनाशी त्यांचे नाव येथेच जोडले जाते. बालविवाहाच्या खटल्यानंतर ज्यांनी रखमाबाईंना वैद्यकीय शिक्षणाची वाट दाखवली, त्यांत पीची प्रमुख होत्या. १८८९ मध्ये रखमाबाई लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय विद्यालयात गेल्या. हे विद्यालय १८७४ मध्ये जेक्स-ब्लेक यांच्याच पुढाकाराने उभे राहिले होते. एडिंबऱ्यात पराभूत झालेल्यांनी दुसरे दार बांधले, आणि पंधरा वर्षांनी त्यातून मुंबईची एक मुलगी आत गेली. परतल्यावर डॉ. रखमाबाईंनी सुरत आणि राजकोट येथील स्त्री-रुग्णालयांत दीर्घकाळ सेवा केली.

तरीही या विजयाची मर्यादा सांगितली पाहिजे. स्त्री डॉक्टर स्त्री-रुग्णालयात प्रमुख झाली, पण सर्वसाधारण वैद्यकशास्त्राच्या अध्यासनापर्यंतची वाट फार लांब राहिली. स्त्रियांनी शिकवायचे ते प्रसूतिशास्त्र, आणि तेही बहुधा स्त्रियांच्या संस्थांत, अशी एक अलिखित सीमा आखली गेली. त्या सीमेच्या आतही भारतीय स्त्रीला वरचे स्थान उशिराच मिळाले. मराठीभाषक बेने इस्रायली समाजातील डॉ. जेरुशा झिराड यांच्याकडे कामा रुग्णालयाची सूत्रे आली ती १९२८ मध्ये, म्हणजे स्थापनेनंतर तब्बल बेचाळीस वर्षांनी. १९४७ पर्यंत त्यांनी ती समर्थपणे सांभाळली.

जुलै २०१९ मध्ये एडिंबरा विद्यापीठाने पीची आणि त्यांच्या सहा सहकाऱ्यांना मरणोत्तर सन्माननीय पदवी दिली. त्यांच्या वतीने सात विद्यार्थिनींनी ती स्वीकारली. हा सोहळा उचितच होता. परंतु प्रयोगशाळेत न घालवता आलेले दिवस त्याने परत आले नाहीत. आज वैद्यकीय महाविद्यालयांच्या प्रवेशयादीत मुलींची नावे मोठ्या संख्येने दिसतात आणि त्याचा आपल्याला सार्थ अभिमान वाटतो. १८७० चा निकाल मात्र आठवण करून देतो की पीचींचेही नाव यादीत होते, आणि ते पहिले होते. म्हणून प्रवेशयादी वाचून झाल्यावर, शिष्यवृत्ती कोणाला मिळाली, वेतन किती ठरले आणि विभागाच्या प्रमुखपदी कोण बसले, याही याद्या आपण वाचायला हव्यात.