जातं गेलं, तरी ओवी राहते

घरातलं जातं कधीच कोपऱ्यात गेलं. पण आजीची ओवी कुणी टिपून ठेवली असेल, तर ती आजही म्हणता येते. आजची गोष्ट अशीच, फक्त अमेरिकेतल्या एका बाईच्या कामाची.

कॅरल शॉ संगणकाचं शिक्षण घेऊन १९७८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या अटारी कंपनीत लागल्या. टीव्हीला जोडायच्या यंत्रासाठी त्या खेळ लिहीत. खेळ मिळायचा कार्ट्रिजमध्ये. कॅसेटसारखी प्लास्टिकची डबी, आत एक चिप, आणि चिपमध्ये कायमचा कोरलेला प्रोग्राम. खेळ करणाऱ्याचं नाव मात्र डबीवर नसे. नाव नाही, कामाच्या मानाने पैसाही नाही, म्हणून काही जण अटारीतून बाहेर पडले आणि १९७९ मध्ये त्यांनी अॅक्टिव्हिजन कंपनी काढली. शॉ पुढे तिथे गेल्या. १९८२ साली त्यांचा 'रिव्हर रेड' हा खेळ त्यांच्या नावासह आला.

या खेळात नदीवरून विमान न्यायचं असतं. सगळा खेळ फक्त ४ किलोबाइटचा; आपल्या मोबाइलमधला एक फोटो त्याच्या शेकडो पट मोठा असतो. मग एवढी लांब नदी मावली कशी? शॉ यांनी नदी साठवलीच नाही. त्यांनी एक गणिती सूत्र लिहिलं. खेळ चालू असताना त्यातूनच काठ आणि बेटं तयार होत जातात. सूत्राची सुरुवात ठरलेली, म्हणून नदी दर वेळी तीच.

ती यंत्रं आता जुनी झाली. पण चिपमधला प्रोग्राम वाचून फाइलमध्ये उतरवता येतो. मग 'एम्युलेटर' नावाचा प्रोग्राम आजच्या संगणकावर जुन्या यंत्राचं सोंग घेतो. फाइलमधली एकेक सूचना वाचून तो जुन्या यंत्राने केलं असतं तेच करतो. 'स्टेला' हा अटारीसाठीचा असाच एम्युलेटर. त्यात शॉ यांची नदी आजही तशीच वाहते. फक्त खेळावर मालकाचा हक्क असतो, म्हणून फाइल कुठून घेतली हे पाहावं लागतं.

फाइलमुळे खेळ वाचतो, पण तो कुणी आणि कसा घडवला हे कागदातच राहतं. म्हणून २०१७ मध्ये शॉ यांनी आपले खेळ आणि कामाची कागदपत्रं न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरच्या स्ट्राँग संग्रहालयाला दिली.

मैत्रिणींनो, आपल्या गटाच्या वहीत जमाखर्च असतोच. त्याच वहीत पापडाचं प्रमाण कुणी बसवलं, गोधडीचा टाका कुणी शिकवला, तेही लिहा. नावासकट लिहा.