ट्रॅक ०७

परवा पालीला घरी गेलो होतो. गणपतीआधीची झाडलोट चालली होती आणि माळ्यावरून सीड्यांचा खोका खाली आला. पालीच्या पावसाने त्याची जी गत करायची ती केलेलीच होती. आतल्या पुस्तिका ओल धरून चिकटलेल्या. ओढायला गेलं की अक्षरं प्लॅस्टिकवरच राहायची. मला फारसं वाईट वाटलं नाही, कारण २००५ ची अख्खी दिवाळीची सुट्टी घालवून मी त्या साऱ्या सीड्या कॉम्प्युटरवर उतरवून घेतल्या होत्या. गाणी शाबूत होती.

संध्याकाळी अण्णांना (म्हणजे माझे वडील) त्यातलं एक भावगीत लावून दिलं. डोळे मिटून ऐकलं त्यांनी. संपल्यावर म्हणाले, "छान. लिहिलंय कोणी रे हे?"

स्क्रीनवर नुसतं 'ट्रॅक ०७'.

तेव्हा आमच्याकडे चाळीस जीबीची हार्डडिस्क होती आणि ती अफाट वाटायची. सीडीवर आवाज सेकंदाला ४४,१०० वेळा मोजून ठेवलेला असतो, डावा-उजवा वेगळा, प्रत्येक माप सोळा बिटांचं. पाच मिनिटांचं गाणं जसंच्या तसं घेतलं तर पन्नास एमबीच्या वर जातं. १२८ च्या एमपीथ्रीत तेच पाच एमबीत बसतं. मग बाकीचं जातं कुठे?

आमच्या बल्लाळेश्वराच्या देवळात एक मोठी घंटा आहे. चिमाजी अप्पांनी वसईच्या मोहिमेनंतर (१७३९) दिलेली पोर्तुगीज घंटा असं सांगतात. अशी घंटा दणकन वाजली की शेजारचा माणूस काय पुटपुटला ते ऐकू येत नाही. एमपीथ्रीचं बरंचसं गुपित एवढंच आहे: कानाला जे लागणारच नाही ते पुटपुटणं साठवायचं कशाला? जर्मनीत एरलांगेनच्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि मंडळी वर्षानुवर्षं काय टाकावं नि काय ठेवावं हे घासूनपुसून ठरवत होती. त्यासाठी ब्रांडेनबुर्ग सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' पुन्हा पुन्हा ऐकत. साथीला एकही वाद्य नाही, आणि मोकळ्या गळ्यात बारीकशी खोटही उघडी पडते. (हे आपल्याकडच्या कुठल्याही गुरुजींनी सांगितलं असतं!) १९९५ च्या जुलैत फाईलला '.एमपीथ्री' हे आडनाव मिळालं. २०१७ मध्ये पेटंटचा कारभारही आटोपला.

आम्ही मित्र त्या काळी तावातावाने भांडायचो ते १२८ घ्यावं की १९२ यावर. तंबोऱ्याची जवारी मरते का, टाळ चरचरतात का.. आज वाटतं, भांडलो ते भलत्याच गोष्टीवरून. आवाजातलं जे गेलं ते अण्णांना जाणवलंसुद्धा नाही. त्यांना हवं होतं ते नाव, आणि ते माझ्या हातून गेलं.

त्याचं असं आहे की ऑडिओ सीडीवर बहुधा गाण्यांची नावं नसतातच. असतात फक्त क्रमांक आणि वेळा. त्या वेळांवरून सीडी ओळखून नेटवरच्या यादीतून नावं आणायची सोय होती, सीडीडीबी. यादी लोकांनीच टाइप करून भरलेली. पालीत डायल-अप जोडून मी एकदा ती वापरली, तर आमच्या भावगीतांना कुठल्याशा चर्च ऑर्गनची नावं आली. वेळा जुळल्या असणार! मग हाताने टाइप करणं आलं, तेही लोडशेडिंगच्या फटीत.

आणि लिहिणार कुठे? एमपीथ्रीच्या शेपटीला जोडलेली पहिली पट्टी (आयडीथ्री, १९९६) होती १२८ बाइटची. गाण्याला तीस अक्षरं, कलाकाराला तीस. कलाकार एकच. प्रकारांची ऐंशी नावांची यादी, तीत ना भावगीत, ना नाट्यगीत, ना अभंग. गीतरामायण घातलं की कलाकार सुधीर फडके. गदिमा कुठे बसवायचे? १९९८ च्या नव्या आवृत्तीत कवीला आणि संगीतकाराला वेगळी जागा मिळाली. म्हणजे २००५ साली जागा होती, पुस्तिकाही कोरडी होती. मीच भरली नाही. 'नंतर करू.'

याबाबतीत १९०२ साल आमच्यापेक्षा शहाणं होतं. फ्रेड गेसबर्गने कलकत्त्यात गौहरजानचं गाणं ध्वनिमुद्रित केलं, तबकड्या छापायला जायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या लोकांना गाणारी कोण हे कळावं म्हणून ती गाणं संपताना स्वतःचं नाव इंग्रजीत सांगायची. आता ते कितीही वेळा रिप करा, दाबून बारीक करा, नाव आवाजातच आहे. अर्थात तेही गाणारीचंच. कवी तिथेही नाहीच!

असो. दोन दिवस बसून बऱ्याच फायली भरल्या. 'आठवणीतली गाणी' या संकेतस्थळावर गीत, संगीत, स्वर अशी तिन्ही नावं असतात, त्याचा फार उपयोग झाला. ट्रॅक ०७ मात्र कुठेच सापडेना. अण्णांनी आत्याला फोन लावून गाणं ऐकवलं. आत्या म्हणते पी. सावळाराम, अण्णा म्हणतात छे, राजा बढे. त्यावरून दोघांचं तासभर वाजलं.

ती सीडी आम्ही एका लग्नात वाटली होती. नातेवाइकांपैकी कुणाकडे पुस्तिकेसकट, कोरडी असेल तर सातव्या गाण्यापुढचं नाव वाचून कळवा. अण्णा रोज विचारतात.