बाळंतिणीची खोली आणि काचेपलीकडचा पाळणा

आमच्या घराण्यातील मुली पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी येत. मग ते माहेर देवासला असो, धारला असो की बडोद्याला. वाड्याच्या मागील अंगाची एक अंधारी खोली त्यासाठी राखलेली असे. बाजेखाली शेगडी, ओवा-शेपांची धुरी आणि दहा दिवसांचे सोयर. त्या खोलीविषयी आपल्या मंडळींत हळवेपणा फार. आळिवाची खीर आणि डिंकाचे लाडू आठवून डोळे भरून येतात. किती बाळंतिणी आणि किती अर्भके त्या खोलीतून परत बाहेर आलीच नाहीत, हे मात्र कुणी आठवत नाही.

पाचवीची पूजा वाचकांच्या परिचयाची आहे. पाटा-वरवंटा पुजायचा, दिवा विझू द्यायचा नाही, बाळाजवळ कुणी तरी रात्रभर जागायचे. सटवाई येऊन ललाटलेख लिहिते, ही श्रद्धा. नवजात अर्भकाचा धनुर्वात बहुधा याच सुमारास, चौथ्या दिवसापासून दुसऱ्या आठवड्यापर्यंत, प्रकट होतो. तोवर नीट पिणारे मूल एकाएकी पिईनासे होते, जबडा मिटतो, अंग ताठरते. कारण असे ते नाळ कापण्याच्या अस्वच्छ विळ्यात वा पात्यात, आणि नाळेवर लावलेल्या राखेत वा शेणात. आमच्या पणज्यांना भय कोणत्या रात्री बाळगावे हे ठाऊक होते. कशाचे बाळगावे, हे सांगणारे त्यांना कुणी भेटले नाही.

आनंदीबाई जोशी यांना वयाच्या चौदाव्या वर्षी मुलगा झाला आणि तो अवघे दहा दिवस जगला. त्या दुःखातून त्यांनी वैद्यकाची वाट धरली, हे सर्वज्ञात आहे. १८८६ साली पेनसिल्व्हेनियातील महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एम. डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र हा होता. म्हणजे ज्या खोलीत मूल गमावले, तिच्याकडेच त्या अभ्यासक म्हणून परतल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्री-विभाग सांभाळण्यासाठी त्यांची नेमणूक झाली होती. परंतु फेब्रुवारी १८८७ मध्ये, वयाची बावीस वर्षेही पुरी होण्याआधी, त्या निवर्तल्या.

स्त्रियांसाठी स्त्री-डॉक्टर मिळावेत, या हेतूने १८८५ मध्ये डफरिन फंड स्थापन झाला. मुंबईचे कामा रुग्णालय १८८६ चे. आमच्या इंदुरात कॅनडाच्या मिशनच्या डॉ. एलिझाबेथ बीटी १८८४ मध्ये आल्या, पाठोपाठ १८८६ मध्ये डॉ. मॅरियन ऑलिव्हर. सुरतेस रखमाबाई शतक संपण्यापूर्वीच रुजू झाल्या होत्या. तरीही आपल्या घरांतून बाळंतिणी दवाखान्यात जाईनात. सोवळे आड येई. मिशनचे औषध चालत असे, पाणी चालत नसे, असे आमच्या आजी हसून सांगत.

हे भय सर्वस्वी अडाणीपणाचे होते, असे मात्र आम्ही म्हणणार नाही. प्रसूतिगृह हेच मृत्यूचे घर ठरल्याची उदाहरणे युरोपात होती. व्हिएन्नाच्या रुग्णालयात १८४६ साली डॉक्टरांच्या विभागात शंभरामागे अकरांहून अधिक बाळंतिणी दगावल्या, सुइणींच्या विभागात तिघींहून कमी. शवविच्छेदन करून आलेल्या हातांनी डॉक्टर बाळंतिणींना तपासतात, हे सेमेलवाइस यांनी ओळखले आणि १८४७ मध्ये क्लोरिनच्या पाण्याने हात धुणे सक्तीचे केले. मृत्यू झपाट्याने घटले, पण वरिष्ठांना ते पटण्यास बराच काळ जावा लागला.

पुढे रुग्णालये सुधारली, विश्वास बसला. १९९२-९३ मध्ये भारतातील सुमारे २६ टक्के बाळंतपणे संस्थेत होत. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. माता व नवजातांच्या धनुर्वाताचे निर्मूलन भारतात झाल्याचे २०१५ मध्ये प्रमाणित झाले. पाचवीच्या रात्रीचे भय खऱ्या अर्थाने तेव्हा ओसरले.

एवढे मिळवताना रुग्णालयाने एक गोष्ट मात्र हिरावून घेतली. त्या अंधाऱ्या खोलीत आई आणि मूल एका बाजेवर असत. आमच्या सूनबाईंचे बाळंतपण १९८४ मध्ये एका मोठ्या रुग्णालयात झाले. खोली स्वच्छ, डॉक्टर निष्णात. मूल मात्र काचेपलीकडच्या दालनात, मनगटाला क्रमांक बांधलेले. ठरल्या वेळी ते आणून देत आणि ठरल्या वेळी परत नेत. मधल्या वेळात भिंतीपलीकडून रडण्याचे आवाज येत, आणि त्यांतले आपले कोणते, हे त्या ओळखू पाहत. मूल येई तेव्हा बाटलीने तृप्त होऊन झोपलेले असे. चौथ्या आठवड्यात दूध आटले. ‘मलाच दूध आले नाही,’ असे त्या आजवर म्हणत आल्या. त्या वेळी आम्हीही मान डोलावली होती, याची खंत वाटते.

अर्थात दुधाच्या बाबतीत जुनी खोलीही शहाणी नव्हती. गाईच्या चिकाचा खरवस आपण वेलची-केशर घालून आवडीने खातो, आणि आईचा चीक मात्र ‘जड’ म्हणून पिळून टाकत होतो; बाळाला मधाचे बोट. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी १९८९ मध्ये प्रसूतिगृहांसाठी दहा पायऱ्या सांगितल्या. मूल अहोरात्र आईजवळ ठेवणे ही त्यांपैकी एक. बाळाच्या डबाबंद दुधाच्या जाहिरातीस आळा घालणारा आपला कायदा १९९२ चा.

कमी वजनाच्या बाळांचा प्रश्न उरला होता. कोलंबियातील बोगोटा येथे पेट्या अपुऱ्या पडू लागल्या, तेव्हा १९७० च्या दशकाच्या अखेरीस डॉ. एडगर रे यांनी अशी मुले आईच्या उघड्या छातीशी बांधून ठेवण्यास आरंभ केला. पाच देशांतील रुग्णालयांत, त्यांत दिल्लीचेही एक, झालेल्या अभ्यासाचा निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवलेल्या बाळांमध्ये पहिल्या अठ्ठावीस दिवसांतील मृत्यू सुमारे एक चतुर्थांशाने घटले. त्यासाठी आईची खाट अतिदक्षता विभागाच्या आत न्यावी लागली.

दोन वर्षांपूर्वी आमच्या नातीला अठराशे ग्रॅमची मुलगी झाली. सूनबाई त्या विभागाच्या दाराशी बराच वेळ उभ्या होत्या. बाळाला आता कुठे नेणार, असे त्यांनी परिचारिकेला दोनदा विचारले. ती हिंदीत म्हणाली, कुठेच नाही, माँजी, इथेच राहील. सूनबाई आत गेल्या आणि खाटेशेजारच्या स्टुलावर बसल्या. नातीच्या गाउनमधून बाळाचे टोपडे तेवढे दिसत होते.