बेपत्ता वडिलांचा शोध : अर्जेंटिनातील मुलींचे अनुबोधपट

अर्जेंटिनातील लष्करी राजवटीत (१९७६–८३) बेपत्ता झालेल्या वा मारल्या गेलेल्या वडिलांचा माग काढत त्यांच्या मुलींनी केलेले आत्मपर अनुबोधपट. बेपत्तांची संख्या मानवी हक्क संघटना ३०,००० मानतात. बेपत्तांविषयीच्या चौकशी आयोगाच्या १९८४ च्या अहवालात ८,९६० प्रकरणे नोंदली आहेत. बेपत्तांच्या मुलांची ‘इहोस’ ही संघटना १९९५ मध्ये स्थापन झाली.

मारिया इनेस रोके यांचा ‘पापा इवान’ (२०००) हा आरंभीचा महत्त्वाचा पट. वडील हुआन हुलिओ रोके ‘मोंतोनेरोस’ या सशस्त्र संघटनेचे नेते होते. १९७७ मध्ये वेढ्यात सापडून त्यांचा मृत्यू झाला. ठावठिकाणा कसा फुटला याविषयी साक्षी जुळत नाहीत. त्यांनी १९७२ मध्ये मुलांसाठी लिहिलेले पत्र आणि मागे राहिलेल्या आईची प्रांजळ साक्ष दिग्दर्शिकेने समोरासमोर ठेवली आहे. बाप क्रांतिकारक म्हणून थोर असेल, पण घरी का नव्हता, हा मुलीचा प्रश्न त्यातून उभा राहतो.

आल्बेर्तिना कार्री यांचा ‘लोस रूबिओस’ (२००३, ‘सोनेरी केसांचे’) सर्वाधिक चर्चिला गेला. समाजशास्त्रज्ञ रोबेर्तो कार्री व आना मारिया कारूसो या आईवडिलांना फेब्रुवारी १९७७ मध्ये पळवून नेले तेव्हा आल्बेर्तिना तीन वर्षांची होती. पटात तिची भूमिका आनालिया कोउसेइरो ही अभिनेत्री करते, तरीही खुद्द कार्री कॅमेऱ्यासमोर वावरते. अपहरणाचा प्रसंग प्लास्टिकच्या खेळण्यांतल्या बाहुल्यांनी चेतनपटाच्या तंत्राने दाखवला आहे. जुन्या वस्तीतली शेजारीण सांगते, ते सगळे सोनेरी केसांचे होते. ते तसे नव्हते. वस्तीला ते कुटुंब किती परके वाटत होते, हे त्या एका चुकीच्या आठवणीतून कळते. आईवडिलांच्या सहकाऱ्यांच्या साक्षी अधिक घ्याव्यात, असे पत्राने सुचवून राष्ट्रीय चित्रपट संस्थेने अर्थसाहाय्य नाकारले. ते पत्रही पटात वाचले जाते आणि कार्री व तिचे सहकारी स्वतःला हवा तो पट करायचे ठरवतात.

या पटाने आईवडिलांचे राजकारण झाकोळल्याचा आक्षेप मार्तीन कोहान व बेआत्रिस सार्लो या समीक्षकांनी घेतला. समीक्षक गोन्सालो आगिलार यांनी पटाची बाजू मांडली.

नातालिया ब्रुश्तेइन यांचा ‘एन्कोन्त्रांदो आ विक्तोर’ (२००५) याच परंपरेतला.

कार्री पुढे ‘क्वात्रेरोस’ (२०१६) मध्ये वडिलांच्या इसिद्रो वेलास्केस या बंडखोरावरील १९६८ च्या ग्रंथाकडे आणि त्यावर पाब्लो सिर यांनी केलेल्या, आता हरवलेल्या चित्रपटाकडे वळली. सिरही पुढे बेपत्ता झाले. वडिलांच्या विचाराचा इतका चिकाटीने पाठपुरावा करणाऱ्या दिग्दर्शिकेवर राजकारण टाळल्याचा आरोप टिकत नाही.