आधी गाडी गप्प करा

वडिलांच्या अँबेसिडर मार्क टूला रंग झाला, गाद्या नव्या शिवून झाल्या, आणि आता तिला ‘त्या काळातला स्टिरिओ’ बसवायचाय म्हणता. चालेल. मोबाइल बाहेर ठेवा, आत बसा आणि दार ओढून घ्या. हळू नको, दणकून. नाजूकपणे वागवलेलं या गाडीला आवडत नाही.

आता उतरा. 1973 चा मे, बुधवारची दुपार, गोंदिया. (पत्ता सांगताना जिल्हा भंडारा म्हणा, वेगळा व्हायला अजून 26 वर्षं आहेत.)

उतरताना पाठ रेक्झिनला चिकटून ‘चर्र’ वाजली ना? शर्ट सोडवून घ्या. नाकात आधी कोळशाचा धूर जाईल, स्टेशन जवळच आहे. त्यामागून राइस मिलचा ओलसर, उकडल्या धानाचा वास. तेंदूपत्त्याचा हंगाम चालू आहे, बैलगाड्यांवर पुडक्यांच्या थप्प्या आहेत आणि सगळ्या रस्त्याला सुकल्या पानांचा तुरट वास येतोय. ओसरीवर बायका मांडीवर सूप घेऊन विड्या वळताहेत. बोटं चालू, गप्पा चालू, आणि तुमच्या गाडीकडे एक डोळा. छोट्या लाइनचं इंजिन किंचाळतं तेव्हा मात्र सगळ्यांनाच बोलणं थांबवावं लागतं.

मिस्त्री रेलटोलीच्या वाटेवर कडुनिंबाखाली बसलेत. त्यांना स्टिरिओ म्हणालात की ते कान खाजवतील. “दोन स्पीकर लावून देतो जी. एक समोर, एक मागच्या काचेखाली.” दोन्हींतून आवाज एकच येणार, कारण मीडियम वेव्ह आणि शॉर्टवेव्हवर डावं-उजवं असं काही येतच नाही. देशात एफएम सुरू व्हायला अजून चार वर्षं, आणि तेही मद्रासला. म्हणजे काळाशी खरं राहायचं तर तुमचा स्टिरिओ हा एकच आवाज दोनदा. मान्य? मग चहा घ्या. ग्लास वरून धरा, खालून चटका बसतो.

सेट डॅशबोर्डात घालायला जेमतेम पंधरा मिनिटं लागतात. पण मिस्त्री सेटला हातच लावत नाहीत. ते बॉनेट उघडून बॅटरीच्या खुंटीवरची पांढरी बुरशी खरवडतात आणि बॉडीला गेलेली जाड पट्टी कुठून निघते ते बोटाने चाचपतात. “अर्थ पॉझिटिव्ह आहे न.” ही गाडी विलायतेतल्या मॉरिस ऑक्सफर्डची लेक, तिकडची जुनी रीत घेऊन आलेली. सेटच्या पाठीमागची पट्टी उलटी फिरवली नाही, तर ट्रान्झिस्टर गाणं म्हणायच्या आधीच जळून जातील.

मग एरियल. डाव्या मडगार्डला भोक पाडताना ड्रिलच्या आवाजाने तुमच्या पोटात कालवेल. वडिलांचा जीव होता त्या रंगावर. पाहू नका हवं तर. मिस्त्री आता मडगार्डच्या खाली उताणे झोपलेत, भोकाभोवतीचा रंग आतून पॉलिश पेपरने घासून पत्रा चकाकवताहेत. तोंडावर गंजाची पूड पडतेय. एरियलची बैठक उघड्या पत्र्याला टेकली नाही, तर ती काठी नुसती शोभेची.

किल्ली फिरवा. काटा 600 च्या अलीकडे न्या, तिथे नागपूर आकाशवाणी. आता स्टार्टर ओढा.

टक-टक-टक-टक. ॲक्सिलरेटर दाबा, टकटक धावत सुटते आणि तिच्या मागून डायनामोचं ‘घूंऽऽ’ चढत जातं. निवेदिका त्या गदारोळात बुडाली. तुम्ही सेटवर एक थाप मारता. “काहून मारता जी त्याले?” मिस्त्री हसतात. “तो बरोबर ऐकून राह्यला. बोलते तुमची गाडी.”

इथून पुढचे दोन तास रेडिओचे नाहीतच, गाडीचे आहेत. प्रत्येक ठिणगी स्वतःच एक लहानसं स्टेशन असते. कॉइलला बोटाएवढा कंडेन्सर. डायनामोला दुसरा, मोठ्या खुंटीवर. लहान खुंटी फील्डची, तिथे लावला तर रेग्युलेटरच्या पॉइंटांची वाट. कॉइलमधून डिस्ट्रिब्युटरला जाणाऱ्या जाड वायरीत एक सप्रेसर. दर खेपेला तुम्ही किल्ली फिरवायची, ते मान तिरकी करून ऐकणार. टकटक पातळ होते. घूं विरतं. शेवटी काटा 1400 च्या आसपास, जिथे नुसती खरखर आहे, तिथे ठेवतात आणि बारीक पेचकस बटणाशेजारच्या भोकात घालून केसभर, अगदी केसभर फिरवतात. खरखरीतून कुठल्याशा दूरच्या गावाचा तबला वर येतो. हा क्षण मला सगळ्या गाण्यांपेक्षा आवडतो.

(लायसन्सचं पुस्तक पोस्टातून काढलंय ना? गाडीतल्या रेडिओलाही लागतं.)

अंधारलं. ऊन गेलं तरी पत्रा अजून गरम आहे. आठला पाच कमी. गाडी चौकात पानठेल्यासमोर लावा, शॉर्टवेव्हची पट्टी दाबा, 25 मीटरवर सिलोन शोधा. बिनाका गीतमाला. बातमी तुमच्याआधी पोचलीय: मागच्या काचेला सात-आठ पोरांची नाकं चिकटलेली, त्यातला एक दुसऱ्याला सांगतोय की मागचा स्पीकर वेगळं गाणं वाजवतो.

आवाज येतो आणि जातो, विहिरीत सोडलेल्या बादलीसारखा. पण खाली एक जाड ‘गुंऽऽ’ आहेच. इंजिन बंद करता. तरी आहे. मिस्त्री बॉनेटवर हात ठेवून उभे राहतात, मग वळून पानठेल्याकडे पाहतात. तिथली ट्यूबलाइट फडफडतेय.

“भाऊ, तो दिवा बंद करा न जी.”

“आन् पान कसं लावू?”

“आज नका लावू.”

पानवाला क्षणभर काताचा ब्रश हातात धरून बसतो. मग खटका दाबतो. चौक काळोखात जातो, गुंऽऽ तुटतं, आणि अमीन सायानींचा आवाज इतका स्वच्छ येतो की सायकलवाले पाय टेकवून थांबतात. अंधारात चुन्याचा, घामाचा, काताचा वास जवळ सरकतो. पानवालाही उतरून तुमच्या खिडकीत वाकलाय.

“वाढवा न थोडा,” तो म्हणतो.